तिसरा चौकोन

"ज्याचे ज्ञान अपुरे, त्याच्या हाती माणसाचा श्वास सोपवणे हा संस्कृतीचा पराभव होय." अहवालाच्या पहिल्याच पानावर हे वाक्य लिहिणारे समितीचे अध्यक्ष या क्षणी मागून उघड्या असलेल्या हिरव्या गाऊनमध्ये, चाकांच्या स्ट्रेचरवर, कुशीवर वळून नाडीचे दुसरे टोक शोधत होते. गाऊन नेमका कसा बांधतात याबाबत त्यांचे ज्ञान अपुरे होते.

"हे पुढून बांधायचं की मागून?"

"मागून," मावशी म्हणाल्या. मावशींची तीस वर्षे वॉर्डात लोकांच्या नाड्या बांधण्यात गेली होती. "पण राहू द्या आता. आत गेल्यावर सोडायचीच आहे."

अध्यक्षांना हे वाक्य आवडले नाही.

स्ट्रेचर निघाले. त्याचे एक चाक कुरकुरत होते. अध्यक्षांनी छतावरचे दिवे मोजायला सुरुवात केली. आयुष्यभर त्यांनी संख्याशास्त्र शिकवले होते, आणि भीती वाटली की ते काहीतरी मोजत. लग्नाच्या दिवशी त्यांनी मांडवाचे खांब मोजले होते. आज दिवे अकरा निघाले, त्यातला चौथा फडफडत होता. ऑपरेशन हर्नियाचे, साधे. पण 'साधे' हा शब्द गेल्या आठवड्यात इतक्या जणांनी इतक्या प्रेमाने वापरला होता की त्यांना धडकी भरली होती.

"काही खाल्लं-प्यायलं नाही ना सकाळपासून?" दारातल्या नर्सने कागदावरून नजर न उचलता विचारले.

"नाही."

हे 'नाही' त्यांनी सकाळपासून तिसऱ्यांदा म्हटले होते. पहिल्यांदा जीभ अडखळली होती. दुसऱ्यांदा बरे जमले. या खेपेला तर ते इतके छान वठले की क्षणभर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसला.

खरे असे होते की पहाटे साडेपाचला त्यांना जाग आली. भूक नव्हती. हाताला काहीतरी काम हवे होते, तोंडाला काहीतरी चाळा हवा होता. बायकोने आदल्या दिवशीच बिस्किटांचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर चढवून ठेवला होता, कारण बायको त्यांना चाळीस वर्षे ओळखत होती. ती आंघोळीला गेली. अध्यक्षांनी स्टूल ओढले आणि हर्नियासकट त्यावर चढले.

आत दिवा मोठा होता आणि थंडी होती. डोक्यामागून एक चेहरा उलटा दिसला. हनुवटी वर, कपाळ खाली.

"नमस्कार काका. मी भूल देणाऱ्या पथकातली. डॉक्टर नाही, भूल-सहायक आहे. सगळे भूलताई म्हणतात, तुम्हीही म्हणा."

उलटा असला तरी तो चेहरा त्यांनी ओळखला. साक्षीदार क्रमांक सहा.

समितीपुढे प्रश्न एकच होता. जे डॉक्टर नाहीत, पण दोन-तीन वर्षे शिकून डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांच्या कामातले काही काम करतात, असे सहायक सुरक्षित आहेत काय आणि उपयोगाचे आहेत काय. आठ महिने, एक्केचाळीस रुग्णालये आणि अध्यक्षांनी स्वतः आखलेला एक तक्ता. तक्त्याने उत्तर दिले होते. सहायक प्रत्येक रुग्णामागे सरासरी अकरा मिनिटे जास्त घेतात, तेच तेच विचारत बसतात, आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचे त्यांचे प्रमाण डॉक्टरांच्या दुप्पट. शुक्रवारी सही झाली की ही पदे बंद होणार होती. आज बुधवार होता.

साक्षीच्या दिवशी अध्यक्षांनी तिला विचारले होते, "तुम्ही डॉक्टर नाही, नर्स नाही. मग तुम्ही नेमक्या करता तरी काय?"

"मी विचारते, सर. आणि भूल उतरेपर्यंत थांबते."

सदस्य हसले होते. सर्वांत आधी हसले होते ते अध्यक्ष.

आता ती त्यांच्या डोक्यामागे उभी होती, आणि थोड्या वेळाने त्यांचा श्वास तिच्या हातात जाणार होता. तिला आठवत असेल का? चेहऱ्यावरून काही कळेना. उलट्या चेहऱ्यावरून तर मुळीच कळेना. ओठ हसतायत की घट्ट मिटलेत, तेच समजत नव्हते.

"मोठे डॉक्टर आहेत ना?" त्यांनी विचारले. "मी अधीक्षकांना फोन केला होता."

"आहेत की. दोन खोल्यांना एक असतात. शेजारी आहेत, येतीलच."

भूलतज्ज्ञ आलेच. हातमोजे काढत, तोंडभर हसत. "काय सर, तुम्ही आमच्याकडे म्हणजे आमचा सन्मान. अगदी निवांत राहा. काही खाल्लं नाही ना? छान. कुठली ॲलर्जी नाही ना? छान. दात सगळे पक्के? वा."

अध्यक्षांचे तोंड उघडून मिटेपर्यंत कागदावर तिन्ही खुणा झाल्या होत्या. शेजारच्या खोलीतून हाक आली आणि डॉक्टर दारापर्यंत पोचलेसुद्धा. "ताई, सुरू करायची तयारी ठेवा. दोन मिनिटांत आलोच."

त्या तीन खुणांकडे पाहताना अध्यक्षांना सतरा नंबरची फाइल आठवली.

तो एक शिंपी होता. वय बावन्न, ऑपरेशन हर्नियाचे, साधे. भूल दिली ती अनुभवी डॉक्टरांनी, सहायक नव्हताच. 'काही खाल्ले आहे का' यापुढे 'नाही'वर खूण होती, सुबक, एकदाच केलेली. भूल चढली तेव्हा पोटातले वर आले आणि फुप्फुसात गेले. शिंपी एकोणीस दिवस यंत्रावर होता, मग यंत्र काढले. घरच्यांना त्याचे कपडे परत दिले तेव्हा सदऱ्याच्या खिशात केकचा कागद निघाला. नातीच्या वाढदिवसाचा तुकडा होता.

एका सदस्याने ही केस कुठल्या रकान्यात घालायची असे विचारले होते. अध्यक्ष म्हणाले होते, "रुग्ण खोटं बोलला, त्याला डॉक्टर काय करणार? अटळ. अटळ म्हणजे मोजायचं नाही."

त्यांनी ती मोजली नव्हती.

भूलताईने त्यांच्या हातात सुई टोचली. दुखले नाही, याचीही त्यांना भीतीच वाटली. बोटाला चिमटा लागला आणि कोपऱ्यातले यंत्र त्यांचे ठोके जाहीरपणे मोजू लागले. एकशे चार. एकशे नऊ. हे आकडे त्यांच्या हातात नव्हते.

"काका, सकाळी कितीला उठलात?"

"साडेपाचला."

"मग काय केलंत?"

"मग काय. उठलो."

"आणि?"

"पेपर वाचला."

"साडेपाचला पेपर येतो तुमच्याकडे? आमच्याकडे आठशिवाय तोंड दाखवत नाही."

अध्यक्षांनी डोळे मिटले. हीच ती अकरा मिनिटे. परिशिष्ट तीनमध्ये त्यांनी यांना 'अनावश्यक संभाषण' असे नाव दिले होते.

"कालचा वाचला," ते म्हणाले.

"बरं. चहाशिवाय?"

"चहाशिवाय."

तिने मान वळवली. कोपऱ्यातले यंत्र बोलत होते. एकशे अठरा.

"ताई," दारातून डॉक्टरांचा आवाज आला, "झालं का? सर्जन हात धुऊन उभे आहेत."

"होतंय, सर." ती वाकली. तिच्या हातातला मास्क पारदर्शक होता आणि त्याला नव्या रबराचा वास होता. "काका, घाबरायला होतंच सगळ्यांना. मी इथेच आहे. मी फक्त शेवटचं एकदा विचारते. विचारलं म्हणून राग मानू नका, आणि सांगितलं म्हणून मीही मानणार नाही."

मास्क खाली येऊ लागला. अध्यक्षांना शिंपी दिसला नाही, यंत्र दिसले नाही. केकचा कागद दिसला. घडी घालून ठेवलेला, नीट, जपून. त्यांनी सुई टोचलेल्या हाताने तिचे मनगट धरले.

"अर्धं."

"काय अर्धं?"

"बिस्किट."

मास्क जिथे होता तिथेच थांबला, मग बाजूला गेला. तिने यंत्राकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, आणि अगदी साध्या आवाजात दाराकडे म्हणाली, "सर, ही केस आज नको. पोट रिकामं नाही."

डॉक्टर आत आले. सगळे समजून घेतल्यावर त्यांचे हसू आणखी रुंद झाले. "अर्ध्या बिस्किटाने काय होतंय? सरांना उगीच परत यायला लावायचं? सर, तुमची हरकत नसेल तर घेऊ उरकून. मी स्वतः देतो भूल."

अध्यक्षांना वाटले, हेच तर मागितले होते आपण. मोठे डॉक्टर, स्वतः. आणि पायाच्या अंगठ्यापासून गारठा वर चढू लागला. 'हरकत आहे', एवढे दोन शब्द त्यांना म्हणवेनात. यंत्र एकशे सव्वीसवर गेले.

"सर," भूलताई म्हणाली, "अर्धं बिस्किट खाल्लेला माणूस मी अजून पाहिलेला नाही."

ती अध्यक्षांकडे वळली.

"काका, डबा कुठे होता?"

"वरच्या फळीवर." अध्यक्ष छताकडे पाहत म्हणाले. "स्टूल घेतलं."

"हर्निया असून?"

"हो."

"स्टुलावर चढून अर्ध्यासाठी कोण जातं, सर?"

डॉक्टरांचे हसू हळूहळू आवरले गेले. त्यांनी कपाळ पुसले. जाताना दारात थांबून ते हलक्या आवाजात म्हणाले, पण खोली लहान होती. "ताई, या महिन्यातली ही सातवी. शुक्रवारी काय आहे, लक्षात आहे ना?"

"आहे, सर."

सुई निघाली, चिमटा निघाला, यंत्र गप्प झाले. भूलताई स्ट्रेचरच्या बाजूला आली तेव्हा तिचा चेहरा अध्यक्षांना पहिल्यांदा सुलटा दिसला. दमलेला होता. ओठ घट्ट वगैरे काही नव्हते. तिने क्लिपबोर्ड घेतला, त्यावर एक छापील कागद अडकवला आणि 'शस्त्रक्रिया पुढे ढकलली' या ओळीपुढे दोन चौकोन होते त्यातल्या दुसऱ्यात खूण केली.

अध्यक्षांनी मान उचलली. कागद त्यांच्या ओळखीचा होता. त्यांनीच आखला होता. पहिला चौकोन, 'वैद्यकीय कारण'. दुसरा चौकोन, 'सहायकाचा निर्णय'.

"दुसऱ्यात का केलीत?"

"आजारामुळे नाही थांबलो, काका. मी थांबवलं. मग दुसराच."

"पण खाल्लं तर मी."

"त्याला चौकोन नाही."

चौकोन होता. पहिल्या मसुद्यात होता. 'रुग्णाकडील कारण' असा तिसरा चौकोन अध्यक्षांनीच काढून टाकला होता, कारण त्याच्यापायी कागद दुसऱ्या पानावर जात होता आणि सुटसुटीतपणाबद्दल त्यांची ख्याती होती.

"बाकीच्या सहा?" त्यांनी विचारले.

"एकाने केळं खाल्लं होतं. दोघांनी दूध. एक पोलीस होते, त्यांनी सकाळी भाऊ आला म्हणून त्याला सोबत केली, पोटभर. एका आजींनी आइस्क्रीम, त्यांच्या मते ते पाणीच. आणि एक बाई काय खाल्लं ते सांगेनात, नुसत्या रडल्या. मी त्यांनाही परत पाठवलं."

"सगळ्या दुसऱ्या चौकोनात."

"हो."

अध्यक्ष पडून राहिले. डोक्यात बेरीज चालू झाली होती, एक रुग्णालय, सात, एक्केचाळीस रुग्णालये, आणि एका बाजूला सतरा नंबरची फाइल, जिची खूण कुठेच नव्हती. बेरीज पुढे जाईना. मग त्यांनी हात पुढे केला.

"पेन द्या जरा."

तिने पेन दिले. सुईच्या जागी कापूस चिकटवलेला, त्यामुळे हात नीट वळत नव्हता. दोन चौकोनांच्या पुढे, समासात, त्यांनी तिसरा काढला. तो चौकोनापेक्षा बटाट्यासारखा झाला. त्यात त्यांनी खूण केली, पुढे काहीतरी लिहिले आणि खाली पूर्ण सही ठोकली, अहवालावर करायची तशी, नावाखाली पदासकट. मग दुसऱ्या चौकोनातली खूण आडवी खोडली.

भूलताईने कागद वाचला. एकदा वाचला, मग त्यांच्याकडे पाहिले.

"'रुग्ण तीनदा खोटे बोलला. बिस्किटे,'" ती थांबली, "'चार.'"

"चार," अध्यक्ष म्हणाले.

तिने कागद क्लिपबोर्डला लावला, मावशींना खूण केली. चाक पुन्हा कुरकुरू लागले. उलट्या दिशेने दिवे तितकेच होते, चौथ्याऐवजी आता आठवा फडफडत होता. दाराच्या काचेपलीकडे एक निळी साडी, खांद्याला लावलेली पिशवी आणि कपाळावरची आठी दिसू लागली. बायको उठून उभी राहिली होती. स्ट्रेचर इतक्या लवकर कसे परत आले, याचा हिशेब ती दार उघडायच्या आतच करत होती.

अध्यक्षांनी स्ट्रेचरची कड धरली.

"भूलताई."

"बोला, काका."

"कागदावर चार आहेत, ते राहू द्यात. कुणालाही दाखवा." त्यांनी आवाज खाली आणला. "हिला मात्र दोनच सांगा. आणि स्टुलाचं नाही सांगितलंत तरी चालेल."