तळटीप एकशे बारा

जोशाया स्टॉलवर्थ अमेरिकेतल्या रिचमंडला वकिली करीत. त्यांचे पुत्र अँब्रोज न्यायाधीश झाले आणि अँब्रोज यांची कन्या लविनिया कायद्याची प्राध्यापक. आपल्या घराण्याने दुसऱ्याचे श्रेय कधी लाटले नाही, हे त्या घरात जेवणाच्या टेबलावर ठणकावून सांगितले जाई. लविनियांची लेक ऑनोरा तेच ऐकत वकील झाली.

आईला पुरून आल्यावर ऑनोरा रडली नाही. शेजाऱ्यांनी आणलेले हॅम तिने फ्रिजमध्ये रचले आणि आईच्या शेवटच्या लेखाची छपाईपूर्वी तपासायची मुद्रिते उघडली. विद्यापीठाच्या नियतकालिकाचा तो अंक लविनियांच्या स्मृतीला वाहिलेला होता. तिथले विद्यार्थी-संपादक मूळ ग्रंथ हाती घेतल्यावाचून एकही टीप छापू देत नसत. त्यांच्यातल्या टॅमसिनचा फोन आला.

"मॅडम, एकशे बारावी टीप. तिच्यात दिलेला कोर्टाचा निकाल निकालग्रंथाच्या चारशे सतरा पानावर नाहीच हो. तिथे भलताच खटला आहे, दोघं एका गाढवावरून भांडतायत."

"मग आहे कुठे?"

"चारशे एकाहत्तरवर."

"आकडा बदल."

टॅमसिन घुटमळली. "बदलते. पण हाच चुकीचा आकडा कायद्याच्या जुन्या अभ्यासक ओपल रेनफ्रो बाईंच्या लेखातही आहे. तुमच्या आईंनी हा निकाल पहिल्यांदा वापरला, त्याच्याही आधीचा लेख आहे तो."

ऑनोराला सारे कळले. आईने तो ग्रंथ कधी उघडलाच नव्हता. ओपलबाईंच्या टिपेतून निकाल चुकीसकट उचलला होता आणि त्याच निकालावर नाव कमावले होते. स्वतः न पाहिलेला आधार ज्याच्याकडून मिळाला त्याचे नाव लिहावे, हा या विद्येचा पहिला धडा.

"नुसता आकडा बदलू? कुणाला कळायचं नाही," टॅमसिनने विचारले.

"थांब जरा," ऑनोरा म्हणाली आणि गाडी काढून ओपलबाईंकडे गेली.

म्हातारी व्हरांड्यात शेंगा सोलत होती. "ये पोरी. मातीला आले नाही मी. गुडघे आणि अभिमान, दोन्ही वाकत नाहीत."

ऑनोराने मुद्रित पुढे ठेवले. ओपलबाईंनी ते पाहिले, पण चेहरा हलला नाही.

"चूक तुम्हाला ठाऊक होती?"

"छापून आल्याबरोबर कळली. दुरुस्ती पाठवणार होते. तेवढ्यात तुझ्या आईचा लेख आला. त्यात माझीच चूक होती, माझं नाव नव्हतं. मग चूक तशीच राहू दिली. तेवढी एकच साक्षीदार होती माझी."

"आईचं नाव जाईल."

"ते तिने बघायचं होतं, बाळ."

ऑनोराने तिथूनच टॅमसिनला फोन लावला. आवाज सपाट होता. "लिहून घे. हा निकाल ओपल रेनफ्रो यांनी शोधला. येथे आणि लविनिया स्टॉलवर्थ यांच्या पूर्वीच्या सर्व लेखांत तो त्यांच्याच लेखावरून घेतला आहे."

"सर्व लेखांत? मॅडम, स्मृती-अंक आहे हा!"

"सर्व. एकेकाचं शीर्षक घाल."

अंक निघाला तेव्हा ती तो स्वतः घेऊन गेली. ओपलबाईंनी टीप शीर्षकांवर बोट ठेवत शेवटपर्यंत वाचली.

"फिटलं," त्या म्हणाल्या. "काही उरलं नाही. चल, तुझ्या आईला भेटून येऊ."