जेरोनिमोच्या हातातील काठी

गतवर्षीच्या गणेशोत्सवात आमच्या तरुण मंडळाने जेरोनिमो या अमेरिकेतील अपाची जमातीच्या आदिवासी योद्ध्याचा जिवंत देखावा सादर केला. विट्याच्या परिसरात असा विषय पूर्वी कोणी घेतल्याचे ऐकिवात नाही. कल्पना माझा पुतण्या विश्वजीत याची. तो सैन्यात छत्रीधारी जवान आहे. अमेरिकी जवानांसमवेत झालेल्या सरावात त्याने हे नाव ऐकले. तेथील छत्रीधारी विमानातून उडी घेताना याच नावाचा पुकारा करीत असत. ज्याला त्यांच्याच सैन्याने कैद केले त्याचेच नाव ओरडतात, याचे त्यास नवल वाटले. निवेदन लिहिण्याचे व वाचण्याचे काम मजकडे आले.

मुख्य भूमिकेसाठी मेंढपाळ बिराप्पा यांची निवड झाली. वय साठीच्या पुढे, केस खांद्यावर रुळणारे. "मला बोलाय लावू नगासा, नुसता हुबा ऱ्हातो," एवढीच त्यांची अट होती. अमेरिकी सेनापती आप्पासो झाले, कारण गुडघ्यापर्यंतचे बूट त्यांच्याकडेच होते.

प्रयोगाच्या सायंकाळी विघ्न उपस्थित झाले. इमाम सुतारांनी जेरोनिमोसाठी घडविलेल्या लाकडी बंदुकीवर आप्पासोंचा बूट पडला आणि तिचे दोन तुकडे झाले.

"सेनापतीनं लढाईआधीच शत्रूचं हत्यार मोडलं की!" इमाम म्हणाले.

"घट्ट केली असतीस तर मोडली नसती, गड्या," आप्पासो म्हणाले.

लोक जमले होते. विश्वजीत म्हणाला, "बिराप्पा मामा, तुमची काठी हाय न्हवं? तिलाच पत्र्याचं पातं बांधू. भाला हुईल."

ती काठी बिरोबाच्या जत्रेत भंडारा लावून आणलेली होती. बिराप्पांच्या घराण्यात अशी काठी भिंतीला टेकते, झाडाला टेकते, परंतु जमिनीवर आडवी होत नाही. धनी मरण पावला म्हणजेच ती त्याच्या शेजारी आडवी ठेवतात आणि त्याच्यासोबत ती जाते. हे आम्हा सर्वांस ठाऊक होते. देखाव्यातील कृतीस हा नियम लागू नसावा, असे आम्ही गृहीत धरले.

"शेवटाला शरण जाताना खाली ठेवायची हाय ती," बिराप्पा म्हणाले.

"ठेवायची आन लगेच उचलायची. कितीसा येळ लागतोय?" आप्पासो म्हणाले.

"शबुद दिलाय म्हनताना..." असे म्हणून बिराप्पांनी काठी पुढे केली.

पडदा उघडला. डोंगरदऱ्यांतून जेरोनिमोने हजारो सैनिकांस कसे झुलविले, ते मी वाचले. शरण आल्यास कुटुंबाची भेट होईल, कालांतराने स्वप्रदेशी परतता येईल, असे त्यास सांगण्यात आले, हेही वाचले. "आणि जेरोनिमोने शस्त्र खाली ठेवले."

बिराप्पा उभेच राहिले. मी ते वाक्य पुन्हा वाचले. मागून कोणी शीळ घातली.

"ठेव की रं, मानसं बघत्यात," आप्पासो ओठ न हलविता म्हणाले.

स्त्रियांच्या घोळक्यातून बिराप्पांची पत्नी हरणाबाई उठून उभ्या राहिल्या. "आवं, नगा!"

बिराप्पा गुडघ्यांवर बसले. निजलेले मूल अंथरुणावर ठेवावे, तशी त्यांनी काठी दोन्ही हातांनी आडवी ठेवली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

पुढील मजकूर मी वाचून पूर्ण केला. जेरोनिमो उर्वरित आयुष्य कैदी राहिला. मेळ्यांतून त्यास लोकांस दाखविले जाई. तेथे तो आपल्या कोटाची बटणे विकी. मायभूमीस परतू द्यावे, ही त्याची विनंती राष्ट्राध्यक्षांनी मान्य केली नाही. शरण गेलो हे चुकले, असे तो अखेरीस म्हणाल्याचे सांगतात.

पडदा पडताच विश्वजीतने काठी उचलून पुढे धरली. "घ्या मामा."

"आता माझी न्हाई ती. आडवी झाली."

"आवं, नाटक हुतं ते!"

"तुमचं नाटक हुतं. काठी माझीच हुती न्हवं?"

हरणाबाई मजजवळ आल्या. "भावजी, त्या मानसाला शेवटी घरला जाऊ दिलं का न्हाई?"

"न्हाई, वैनी."



पुढील प्रयोग शरणागतीपूर्वीच संपविण्यात आले व बिराप्पांच्या जागी विश्वजीत उभा राहिला. विसर्जनाच्या दिवशी इमामांनी काठीचे पाते सोडविले आणि ती ट्रॅक्टरमध्ये मूर्तीशेजारी आडवी ठेवण्यात आली. मिरवणुकीच्या मागे बिराप्पा अनवाणी, बोडक्या डोक्याने चालत होते. त्यांच्यावर कोणी गुलाल टाकला नाही. त्यांच्या उजव्या हाताशी, जेथे एरवी काठी असे, तेथे हरणाबाई तलावापर्यंत चालत आल्या.