डाव्या कोपऱ्यातली तारीख

कोर्टाचं नाव सांगणार नाही. उपनगरातलं होतं आणि पंखा फक्त साहेबांच्या डोक्यावर फिरायचा, एवढं पुरे. तिथे मी टायपिस्ट. रत्नप्रभा, मूळची मालवणची, राहणार मुलुंड. तोंडाची फटकळ, पण कोर्टात मात्र गप्प, कारण टायपिस्टने बोलायचं नसतं. बोटं चालवायची आणि तोंड शिवून ठेवायचं, असा तिथला कायदा.

चौऱ्याऐंशी सालच्या मार्चमध्ये जानकीबाईंची केस आली. वाकोल्याच्या एका चाळीत चाळीस वर्षं राहिलेली मालवणी बाई. चाळमालक नंदकुमार शेठला तिथे बिल्डिंग उठवायची होती. बाकीचे बिऱ्हाडकरू निघून गेले, ही काही हलेना. मग शेठने तिच्या नळाचं पाणी तोडलं. बाई रिकामी कळशी घेऊन त्याच्या दारात गेली आणि म्हणाली, "मेल्या नंदकुमारा, मुडदो बशयलो तुजो! पाणी खय गेला?"

झालं! शेठने फिर्याद ठोकली, की बाईने जिवे मारण्याची धमकी दिली.

अहो, मुडदो बशयलो ही धमकी? आमच्याकडे सकाळचा चहा त्यावाचून उतरत नाही. माझी आई मला शाळेसाठी उठवायची ती ह्याच मंत्राने. आणि हा नंदकुमार तर लहानपणी जानकीबाईंच्या मांडीवर बसून पेज प्यायलेला! पण शेठचं गणित सरळ होतं. बाई महिनाभर आत गेली, की कुलूप तोडायचं, सामान बाहेर आणि खोली खलास. तिचं दुसरं कोणी नव्हतं.

साहेब मराठी माणूस, त्यांना काय कळत नव्हतं? सगळं कळत होतं. पण आदल्याच आठवड्यात त्यांच्या घरी कलर टीव्ही आला होता. आमचा शिपाई भाऊराव गच्चीवर अँटेना लावायला गेला होता, त्यानेच सांगितलं. "बाई, खोक्यावर नंदकुमार शेठच्या दुकानाची पावती अजून चिकटलेली, बोला!" म्हणाला. साहेबांनी ती काढायची तसदीही घेतली नव्हती.

मंगळवारी साहेबांनी मला चेंबरमध्ये बोलावलं आणि जानकीबाईंच्या केसचा निकाल इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. "आरोपीचा जबाब लक्षपूर्वक ऐकला. तो विश्वासार्ह वाटत नाही."

मी पेन्सिल थांबवली. "साहेब, तिचा जबाब गुरुवारी आहे ना?"

"रत्नप्रभाबाई, तुम्ही टायपिस्ट आहात."

आहे बाबा, टायपिस्ट आहे. टाइप केला. आणि शेवटच्या पानाच्या डाव्या कोपऱ्यात, सवयीने, माझी अक्षरं आणि मजकूर घेतल्याची तारीख टाकली: र.प., १३-३-८४. ही सवय मला वसुधाताईंनी लावली. त्या माझ्या आधीच्या टायपिस्ट. म्हणायच्या, "निकाल साहेबांचा, कोपरा आपला. तिथे खोटं लिहायचं नाही."

गुरुवारी जानकीबाई पिंजऱ्यात उभी राहिली. इस्त्रीची नऊवारी, केसांत अबोली. हात जोडून म्हणाली, "साहेबानू, आमच्यात ही गाळ न्हय. आवस झिलाक म्हणता, बायल घोवाक म्हणता. मायेन म्हणतत."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी तिच्यापासून चार हातांवर बसले होते. उठून एक वाक्य बोलायचं होतं: साहेब, मीही मालवणी, बाई खरं बोलतेय, ही शिवी नाही, आमच्यात आई मुलाला आणि बायको नवऱ्याला मायेने असंच म्हणते. नाही उठले. नोकरी आठवली, मुलीची फी आठवली, आणि बसून राहिले. मला माझीच लाज वाटली.

साहेबांनी निकाल वाचला. बाईला इंग्रजी कुठलं कळायला? तिने माझ्याकडे वाकून विचारलं, "काय म्हणता तो?"

"म्हयनो, मावशी," माझ्या तोंडून निघून गेलं.

"म्हयनो? आणि माजी खोली?"

मी मान खाली घातली. तिच्या वकिलाने, काशीराम त्यांचं नाव, धावपळ करून अपिलापर्यंत जामीन मिळवला म्हणून निभावलं.

साहेबांनी न वाचता सही ठोकली, खाली पंधरा तारीख घातली आणि गेले घरी टीव्ही बघायला. फाइल लावताना मला तो कोपरा दिसला. सही पंधराची, कोपरा तेराचा. शेवटचं पान नव्याने टाइप करायचं, पाच मिनिटांचं काम. साहेबांना पत्ता लागला नसता. मी मशीनमध्ये कोरा कागद घातलासुद्धा. मग काढला. तोंड उघडलं नव्हतं, निदान कोपरा तरी खोटा करायचा नाही, म्हटलं.

काशीराम वकील नक्कल न्यायला आले तेव्हा मी एक शब्द बोलले नाही. फक्त शेवटचं पान सगळ्यात वर ठेवलं. त्यांनी चष्मा वर केला, कोपरा पाहिला, मला पाहिलं, आणि आले होते त्याच्या दुप्पट वेगाने गेले.

अपिलात वरच्या कोर्टाचे न्यायाधीश म्हणाले म्हणे, "तोंड उघडण्याआधीच खोटी ठरलेली आरोपी मी पहिल्यांदा पाहतोय." शिक्षा रद्द. खोली वाचली, नळालाही पाणी आलं. आमच्या साहेबांचं काय झालं? बदली! हारतुरे घालून, गाडीत टीव्ही घालून. जाता जाता त्यांनी मला मेमो दिला, 'अनावश्यक मजकूर टाइप केल्याबद्दल', आणि माझी रवानगी रेकॉर्ड रूममध्ये झाली. तिथे पंखाच नव्हता.

पंधरा दिवसांनी जानकीबाई मला शोधत तिथे आली. हातात डबा. धुळीच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत थेट माझ्यासमोर उभी राहिली आणि कडाडली, "गो मेले, मुडदो बशयलो तुजो! माका म्हयनो सांगताना मालवणी बरी येय होती. त्या दिवशी साहेबाफुडे तोंडात मूग धरलं होतंस?"

भाऊराव दारात होता, तो घाबरला. त्याला वाटलं, आता दुसरी केस.

आई जाऊन पाच वर्षं झाली होती, आणि ह्या पाच वर्षांत मला असं कोणी ओरडलं नव्हतं. मी टेबलावर डोकं टेकून रडायला लागले. जानकीबाईने डबा उघडला, घावणे होते. एक मोडून तिने माझ्यापुढे धरला.

"खा आधी," म्हणाली. "मगे रड."