एकाची पावडी, अनेकांची पावडी

"द बॉइज..." म्हणून प्रेमिलाने वाक्य अर्धवट सोडलं.

मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या देवाजीने पायाखालची डावी पावडी दाबली, धोटा फेकला आणि म्हणाला, "प्ले."

"नीला..."

उजवी पावडी. "प्लेज."

"पाहा, येते ना तुमाले? मंग पेपरात काय होते?"

देवाजीने पुढचा धोटा फेकला. ही पावड्यांची युक्ती त्याच्या लेकीची, प्रेमिलाची. कर्ता एक असला की इंग्रजी क्रियापदाला शेपूट लागतं आणि अनेक असले की ते गळतं, एवढी गोष्ट चाळिशी उलटलेल्या बापाच्या डोक्यात काही केल्या शिरेना, तेव्हा पोरीने ती त्याच्या पायांत घातली. उजवी पावडी एकाची, डावी अनेकांची. सक्करदऱ्याच्या त्या गल्लीत घरोघरी कोष्ट्यांचे माग, पण इंग्रजी बोलणारा हा एकच. शेजारणी पदर तोंडाला लावून हसायच्या. देवाजीही हसायचा, कारण मनातून त्याला आपल्या इंग्रजीचा अभिमान होता.

मॅट्रिकचे बाकीचे विषय त्याने पडत-झडत काढले होते. इंग्रजी तेवढं दोनदा राहिलं. विणकर सोसायटीचे सेक्रेटरी बाबनराव भले माणूस. त्यांनी सोसायटीच्या कारकुनाची जागा त्याच्यासाठी अडवून ठेवली होती. पण परवा सूत द्यायला आले ते उभ्या उभ्याच बोलले.

"देवाजी, खुर्ची कवरिक धरून ठेवू गा? कमिटी मॅट्रिक पास माणूस मागून राहिली. या खेपेले नाई जमलं तं मले दुसरा बसवा लागते. अन हे सूत शेवटचं समज. पावरलूमपुढं आपलं लुगडं आता कोन घेते?"

ते गेल्यावर चरख्यावर सुताच्या कांड्या भरणारी सखूबाई नवऱ्याकडे न पाहताच म्हणाली, "मंग लकडगंजात लाकडं उचलाले जाता का? या गुडघ्यानं?"

देवाजीने गुडघा चोळला. खड्ड्याच्या ओलीने गुडघे केव्हाच धरले होते. खुर्ची मिळाली तर ते वाचणार होते, नाही तर सागाचे ओंडके होतेच. मधली वाट त्या घराला नव्हती.

खरं म्हणजे त्याला येत नव्हतं असं नाही. दोन्ही वेळा त्याचा पेपर अपुरा राहिला होता. तुटलेला धागा दिसला की माग थांबवायचा, गाठ मारायची, मगच पुढचा धोटा, हे बापाने त्याला बोटांवर धोटा मारून मारून शिकवलं होतं. त्याच्या हातचं कापड उलटून पाहायची कोणाला गरज पडत नसे. पेपरातही तो तेच करायचा. एक जागा अडली की तिथेच बसायचा आणि वेळ त्याच्या डोक्यावरून निघून जायचा.

"अडलं तं सोडा, बाबा," प्रेमिला म्हणाली. "कोरं ठेवा अन पुढं जा."

"कोरं कसं ठेवू वं? भोक दिसते."

"दिसू द्या ना. माह्या गळ्याची आन आहे तुमाले."

आता पोरीने गळ्याची आण घातल्यावर बाप काय बोलणार? त्याने मान हलवली.

परीक्षेचं केंद्र लकडगंजातल्याच एका शाळेत आलं. खिडकीतून आरा मशीनची घरघर ऐकू येत होती आणि लाकडाच्या भुशाचा वास येत होता. देवाजी वर्गात शिरला तेव्हा पुढच्या बाकावरची पोरं त्याला पर्यवेक्षक समजून उभी राहिली. तो ओशाळून मागच्या बाकावर जाऊन बसला.

पेपर चांगला होता. रिकाम्या जागांवर तो बाकाखाली हळूच पाय दाबत गेला. उजवा, डावा, डावा. पेन आपोआप चालत होतं. मग एका वाक्यात किल्ल्यांचा जुडगा आडवा आला. जुडगा एक, किल्ल्या पुष्कळ. दोन्ही पाय एकदमच खाली गेले. प्रेमिलाने हे सांगितलं होतं, एवढं त्याला आठवत होतं. काय सांगितलं ते आठवेना.

त्याने ती जागा सोडली. खरोखर सोडली. पुढचं भाषांतर केलं, पत्र लिहिलं, निबंधाला हात घातला, पहिला परिच्छेद झालासुद्धा. पण मागे ते भोक उघडं होतं आणि तो पुढे विणत चालला होता. पाठीला कोणी बोट लावून बसल्यासारखं त्याला होत होतं. एवढं बुजवतो आणि येतो, असं म्हणून त्याने पानं उलटली. एक लिहिलं, खोडलं, दुसरं लिहिलं. तेही खोडलं. पुन्हा पहिलं लिहिलं. घंटा झाली तेव्हा तो त्याच ओळीवर होता. निबंध पहिल्या परिच्छेदावर थांबला होता आणि त्याची उत्तरपत्रिका कोणीतरी हातातून ओढून घेत होतं.

प्रेमिला गल्लीच्या तोंडाशीच उभी होती. "सोडलं होतं ना, बाबा?"

"सोडलं होतं," देवाजी म्हणाला.

त्यात खोटं काही नव्हतं. पण बापाचा चेहरा बघून पोरीने पुढचं विचारलं नाही.

निकालात त्याचा नंबर नव्हता. बाबनराव स्वतः घरी आले. चहाचा कप हातात धरून बसले. "खापा गावचा एकजण आहे, मॅट्रिक झालेला. त्याले घेतलं गा," एवढंच म्हणाले. देवाजी त्यांना दारापर्यंत पोचवायला गेला, चपला घालेपर्यंत थांबला, आणि आत येऊन खड्ड्यात उतरला. शेवटचं सूत अजून मागावर होतं.

दुपारी प्रेमिला पाणी भरून आली तेव्हा माग चालत होता. एका लयीत, मध्ये कुठे थांबणं नाही. तिला बरं वाटलं. पाण्याची कळशी ठेवून ती जवळ गेली आणि तिथेच उभी राहिली. ताण्यातला एक उभा धागा तुटून लोंबत होता. त्याच्या जागी कापडात एक उघडी रेघ पडली होती, आणि वीतभर कापड तशीच ती रेघ घेऊन पुढे विणलं गेलं होतं.

"बाबा, धागा तुटला."

"पाह्यला."

"मंग?"

"तूच म्हनलं होतं ना वं. सोडा अन पुढं जा."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिला सोपं गेलं असतं. सखूबाईचा चरखा थांबला. तिने त्या रेघेकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. लग्न होऊन आल्यापासून तिने या घरात असलं कापड पाहिलं नव्हतं. तिने पुढची कांडी चढवली. चरखा पुन्हा फिरायला लागला.

देवाजीने उजवी पावडी दाबली, मग डावी, मग उजवी. प्रेमिला ऐकत उभी होती. आता तो कोणत्याच पावडीवर काही म्हणत नव्हता.