आत्याच्या दाताची इनचार्ज

सत्त्याऐंशी साली शाळा सुरू झाली तेव्हा मला सगळं येत होतं. अगदी खरं सांगते. डिबेट टीममध्ये माझं सिलेक्शन झालं होतं, जाड चष्मा जाऊन कॉन्टॅक्ट लेन्स आल्या होत्या, आणि मी हात वर न करताही टीचर उत्तरासाठी माझ्याकडे बघत होते. त्यामुळे आत्याला दातांच्या क्लिनिकमध्ये कोण नेणार असं बाबांनी जेवताना विचारलं, तेव्हा पोळीचा घास तोंडात असतानाच मी ओरडले, "मी!"

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. कराडला तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून रिटायर झाली आणि अमेरिकेत ॲन आर्बरला आमच्याकडे राहायला आली. मला मराठी लिहायला तिनेच शिकवलं. मग गावातल्याच पद्मिनीकाकूंनी त्यांची दोन पोरं पाठवली, आणि बघता बघता दर रविवारी काकूंच्या बेसमेंटमध्ये चौदा मुलांचा वर्ग भरायला लागला. आत्या तिथे नुसती फुलायची!

पण गेल्या फेब्रुवारीत ती पार्किंग लॉटमधल्या बर्फावरून घसरली आणि तोंडावर आपटली. वरचा पुढचा एक दात मुळासकट गेला. पुढच्या रविवारी तिने साताचा पाढा सुरू केला, तर प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजली. पोरं खिदळली. (मीसुद्धा. तोंडासमोर वही धरून.) आत्याने पुस्तक मिटलं. वर्ग बंद. घरातही पदर तोंडाशी धरून बोलायला लागली.

क्लिनिकमध्ये एक नवीनच प्रकार सुरू होता. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा छोटा स्क्रू बसवायचा, हिरडी शिवून टाकायची, सहा महिने हाडाला तो घट्ट पकडू द्यायचा, आणि मग त्यावर दात. काढायची-घालायची भानगड नाही. संशोधनासाठी ते थोडेच पेशंट घेणार होते, आणि आत्याचं नाव लागलं. "गुढीपाडव्याला वर्ग सुरू करू," आत्या पद्मिनीकाकूंना फोनवर म्हणाली. सात महिन्यांत पहिल्यांदा मी तिला असं काही बोलताना ऐकलं.

डॉक्टर हॅवरकँप उंच होते आणि पांढऱ्या कोटाखाली धावायचे बूट घालायचे. त्यांच्याकडे प्रश्नांचा लांबलचक फॉर्म होता. ते विचारणार, मी मराठीत आत्याला विचारणार, आणि तिचं उत्तर इंग्रजीत सांगणार.

"आत्या, शुगर आहे का तुला?"

"नाही."

"बीपी?"

"नाही गं. तुझ्या बाबाला आहे."

पाचसहा प्रश्नांनंतर मला वाटलं, हे काय! आत्याचं सगळं मला माहितीच आहे. मग मी परस्परच उत्तरं द्यायला लागले. पेनिसिलिनची ॲलर्जी? नाही. हृदयाचा त्रास? नाही. काय स्पीड होता माझा! डॉक्टर म्हणाले, तू तर एक्स्पर्ट आहेस. मग त्यांनी विचारलं, "तंबाखू? कुठल्याही स्वरूपात?"

"अजिबात नाही!" मी हसले. "ती शाळेत टीचर होती!"

डॉक्टरही हसले.

"काय म्हणतो गं?" आत्याने विचारलं.

"काही नाही. गंमत करतायत."

आता खरं ते लिहिते. आत्या मिश्री लावायची, इथे आल्यावरही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, आणि ती पूड रोज सकाळी बोटाने दातांना चोळायची. मी लहान असताना कराडला दुकानातून तंबाखूची पुडी मीच आणून द्यायचे. म्हणजे मला माहीत होतं. त्या क्षणी आठवलं नाही असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत होते, पण आठवलं होतं. त्या चकचकीत खोलीत, मला एक्स्पर्ट म्हणणाऱ्या माणसाला, माझी आत्या काळी पूड बोटाने दाताला चोळते हे सांगायची मला लाज वाटली. ओढत तर नाही ना ती सिगरेट, असं मनात म्हटलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला स्क्रू बसला. घरी आल्यावर मी सूचनांचा कागद मराठीत उतरवला आणि मोठ्या अक्षरांत फ्रिजवर चिकटवला. पहिल्या दिवशी बर्फाने शेकायचं. दोन आठवडे मऊ भात, वरण, खीर. स्ट्रॉने काही प्यायचं नाही, जिभेने टाके चाचपायचे नाहीत, जेवणानंतर मिठाच्या कोमट पाण्याने हळूच चूळ, जोरात थुंकायचं नाही. तिथे ब्रश लावायचा नाही, पण तोंड एकदम स्वच्छ पाहिजे! याच्याखाली लाल पेनने तीन रेघा. मूळ कागदावर स्मोकिंगची एक ओळ होती. ती मी गाळली.

"हेडमास्तरीणबाई," आत्या दुसऱ्या दिवशी म्हणाली, गाल टम्म सुजलेला, "शेंगदाण्याची चटणी चालेल का?"

"नाही!"

"नुसतं दाण्याचं कूट?"

"आत्या!"

"बरं बाई. आमच्या शाळेत इन्स्पेक्टर यायचा तोसुद्धा एवढा कडक नव्हता."

पण तिने सगळं पाळलं. दिवाळीत चकली चहात बुडवून मऊ केली आणि तीही दुसऱ्या बाजूने चघळली. टाके काढले तेव्हा डॉक्टर म्हणाले, छान. मी शाळेत 'जबड्यातलं टायटॅनियम' या विषयावर भाषण ठोकलं आणि मला ए मिळाला. बाथरूममधून सकाळी तो ओळखीचा जळका वास यायचा. मी नाक दाबून बसकडे पळायचे.

ख्रिसमसच्या सुट्टीत आत्या म्हणाली, "विनू, जरा ठणकतंय गं." बॅटरी घेऊन बघितलं तर हिरडी लालभडक झाली होती आणि मधे चीर पडून आतला धातू दिसत होता.

जानेवारीत डॉक्टरांनी बारीक अवजार स्क्रूला लावलं. तो हलला. मला दिसला तो हलताना.

डॉक्टर स्टूल पुढे ओढून बसले आणि त्यांनी पुन्हा विचारलं, तंबाखू? या वेळी ते माझ्याकडे नाही, आत्याकडे बघत होते. मी तिच्याकडे वळले.

"आत्या, मिश्री लावतेस?"

"लावते की," ती लगेच म्हणाली. "तूच लिहिलंयस ना, ब्रश नको पण स्वच्छ पाहिजे. म्हणून बोटानेच लावते, अगदी हळू. आधी सकाळीच लावायचे. आता दोन्ही जेवणांनंतरही लावते."

केवढ्या विश्वासाने सांगत होती! मला ते इंग्रजीत म्हणायला किती वेळ लागला कोण जाणे. डॉक्टर रागावले नाहीत. तंबाखूमुळेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, पण हे माहीत असतं तर आम्ही आधी ती सोडायला लावली असती, म्हणाले. फॉर्मचं पान उलटून तो प्रश्न त्यांनी मला दाखवला. पुन्हा स्क्रू बसणार नव्हता, संशोधनाचा तसा नियमच होता.

आत्याने पान बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "हे पहिल्या दिवशी विचारलं होतं त्यांनी?"

"हो."

"आणि तू काय सांगितलंस?"

"नाही म्हणाले."

तिने पान डॉक्टरांकडे परत सरकवलं. मग म्हणाली, "मला विचारायचंस गं. सोडली असती मी."

स्क्रू निघायला दोन मिनिटंही लागली नाहीत. इतका सहज निघाला की मला बघवलं नाही.

बसमध्ये मी चार वेळा सॉरी म्हटलं. दर वेळी ती "असू दे" म्हणाली आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली. ओरडली असती तर किती बरं झालं असतं! दुसऱ्या दिवसापासून बाथरूममध्ये वास आला नाही. कुणाला काही न सांगता तिने मिश्री सोडली होती. पंचेचाळीस वर्षांची सवय, एका दिवसात. म्हणजे खरंच सोडली असती.

मग काढता-घालता येणारी दाताची प्लेट करायचं ठरलं. फ्रिजवरचा कागद मी काढून टाकला. माप द्यायला बुधवारी जायचं होतं.

"मी शाळेतून लवकर येते," मी म्हटलं.

"नको. पद्मिनी येतेय माझ्याबरोबर."

"पण आत्या, काकूंना मेडिकलमधलं इंग्रजी काही येत नाही!"

आत्या मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तिला येत नाही ते ती विचारते."

नंतर कळलं, बुधवारी टीचर्सची मीटिंग असल्यामुळे मला सुट्टीच होती. मी ते सांगितलं नाही, पण आत्याला कळलंच असणार, कारण मी दहा वाजता घरात होते. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात त्या मिठाने तिचे बूट पांढरे पडले होते. मी ते ओल्या फडक्याने पुसले, आत कागदाचे बोळे कोंबून हीटरजवळ सुकवले आणि दारात जोडीने ठेवले. पद्मिनीकाकूंनी हॉर्न दिला. आत्याने बूट घातले, भिंतीला धरून उभी राहिली, आणि "दार लावून घे, थंडी येते" एवढंच म्हणून गेली.