खुर्चीवरचा बाप

माझ्या नाकावर राग असतो, हे रोह्यात कुणालाही विचारा. पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्याचा हा परिणाम. त्यामुळे निकेशचा मेसेज वाचून मी जी तडकले, ती दुसऱ्या दिवशी सकाळी सरळ पेणच्या एसटीत जाऊन बसले.

झालं होतं असं. माझे चुलत आजोबा मोरोपंत दुसऱ्या महायुद्धात लष्करी इस्पितळात कंपाउंडर होते. आसामातल्या छावणीत आपल्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातली नऊ माणसं एकमेकांना भेटली आणि त्यांनी एकत्र फोटो काढून घेतला. सहा उभे, दोन जमिनीवर बसलेले, आणि वयाने मोठे म्हणून मधोमध खुर्चीवर आमचे मोरोपंत. साल १९४३. फोटोच्या मागे मोरोपंतांच्या अक्षरात बाकीच्या आठांची नावं आहेत, पण कुठलं नाव कुणाचं याचा पत्ता नाही. नावं एका ओळीत नाहीतच. एक वर, दोन खाली, एक कडेला. हा माणूस पंच्याची घडी घालताना कडा जुळवून बघायचा, आणि इथेच एवढा गबाळेपणा? तीन वर्षं मला या कोड्याने छळलं. मी दिल्लीला पत्रं लिहिली, विलायतेतल्या एका संग्रहालयाला ईमेल केले, घरच्यांचं डोकं खाल्लं. शेवटी फोटो जिल्ह्याच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

त्यावर धरमतरच्या खाडीकाठच्या या निकेशचं उत्तर आलं. ‘बाई, खुर्चीवर बसलाय तो माझ्या आजीचा बाप, जनू. लढाईत गेला. आमच्या घरात त्याचा फोटो हाय.’ खाली त्यांच्या भिंतीवरच्या तसबिरीचा फोटो.

जनू हे नाव मागच्या आठांत होतं. पण तसबिरीतला माणूस जनू नव्हता. अंगात रंगवलेला कोट, डोक्यावर रंगवलेला लाल फेटा, मिशीही जरा भरघोस केलेली, तरी कान कुठे लपणार? आमच्या घराण्याचे कान कोलाडपासून ओळखू येतात. ते मोरोपंत होते. दुसऱ्याच्या आजोबांना हार घालून बसतात म्हणजे काय, असं म्हणत मी पिशवीत मूळ फोटो घातला आणि निघाले.

पेणच्या स्टँडवर निकेश मोटरसायकल घेऊन उभा होता. तिशीचा, नागोठण्याला कंपनीत आहे, रात्रपाळी करून तसाच आलेला. वाटेत मान मागे वळवून बोलत होता. "आजी सकाळधरनं दारात बसलीय, बाई. ब्याऐंशी वर्षांची हाय. तिचा बाप गेला तवा ती पोटात व्हती. त्याला बघितलंच नाय तिनं. फोटोतला चेहरा तेवढा ठाऊक. रोज दिवा लावल्याबिगर चहा घेत नाय."

हे ऐकून तरी मी शहाणं व्हायला हवं होतं. पण मोटरसायकल खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधावरून जात होती, दोन्ही बाजूंना मिठागरं उन्हात लखलखत होती आणि मला तीन वर्षांनी माग लागला होता. माझं कशात लक्ष नव्हतं.

घरात पाऊल टाकलं, समोर तसबीर. ताजा झेंडूचा हार. आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणाले, "हे तर आमचे मोरोपंत. हे लढाईत गेलेच नाहीत. एक्याण्णव साली रोह्यात गेले. मी स्वतः तोंडात पाणी घातलं त्यांच्या."

निकेशची आजी, सगुणाबाई, उठून पाणी द्यायला निघाल्या होत्या. तांब्या हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. त्यांनी तसबिरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. एका बाईचा बाप मी चपला काढता काढता हिरावून घेतला होता.

"मंग माझा बापूस कंचा?" त्यांनी विचारलं.

बस, एवढंच. ना रडणं, ना भांडण. मी पिशवीतून फोटो काढून त्यांच्या हातात दिला. "यात आहे. नक्की आहे. मागे नाव आहे त्याचं. पण आठांतला कुठला, ते मला सांगता येत नाही." आयुष्यात एवढं लाजिरवाणं वाक्य मी बोलले नसेन. बाप काढून घ्यायला आले, आणि परत द्यायची वेळ आली तर हात रिकामे.

निकेशने एकेक चेहरा मोबाइलवर मोठा करून बघितला. हा असेल, नाय, हा असेल. प्रत्येक वेळी सगुणाबाई त्याच्या तोंडाकडे आशेने बघायच्या आणि तो मान हलवायचा. मला बसवेना. मी उगाचच घरात फेऱ्या मारायला लागले.

सगुणाबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण बारीक बघायचं तर त्यांना उजेड लागतो. त्या दाराकडे तोंड करून बसल्या आणि फोटो दोन्ही हातांनी उन्हासमोर धरला. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गो बाई, ह्यांच्या छातीवर काय लिवलंय?"

"कुठे काय लिहिलंय?"

"ह्ये बघ ना. सगल्यांच्या छातीवर हाय. तुझ्या खुर्चीवाल्याच्या तेवढं नाय."

मी त्यांच्या खांद्यावरून वाकले. जुना पातळ कागद, मागून खणखणीत ऊन. मागची शाई उजेडात पुढे झळकत होती, उलटी, पण अक्षर न् अक्षर दिसत होतं. प्रत्येक नाव आपापल्या माणसाच्या छातीवर. त्या व्यवस्थित माणसाने फोटो उजेडाला धरून, ज्याचं नाव त्याच्याच पाठीमागे लिहिलं होतं. स्वतःचं लिहिलं नव्हतं, म्हणून खुर्चीवाला कोरा. आणि मी तीन वर्षं विलायतेला ईमेल करत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मी उलटी अक्षरं मोठ्याने वाचायला लागले. जमिनीवर बसलेला गोविंदा. कडेचा धर्मा. त्याच्या शेजारचा... नाही, हाही नाही. निकेश माझ्या कानाशी श्वास रोखून उभा. आणि खुर्चीच्या अगदी मागे, काटकुळा, नऊ जणांत एकटाच दात दाखवून हसणारा.

"जनू," मी म्हणाले. "सगुणाबाई, हा. हा तुमचा बाप."

त्यांनी फोटो डोळ्यांच्या इतका जवळ नेला की नाक लागलं. "हासतोय," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, "हासतोय गो. मना वाटायचा बापूस रागीट व्हता."

"ते मोरोपंत रागीट होते," मी म्हणाले. "आमच्याकडे सगळेच आहेत."

"आन् तिथीला आमी ह्या तसबिरीपुढं चिंबोरीचा रस्सा वाढायचो," निकेश म्हणाला. "बापाला आवडायची म्हनून."

कांद्याचा वास आला तरी ताट सारून उठणारे आमचे मोरोपंत! पाऊणशे वर्षं दर साली खेकड्यांचा नैवेद्य. मला हसू आवरेना, आणि मी हसले म्हणून सगुणाबाई हसल्या, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यातलं हसण्याचं किती आणि रडण्याचं किती, ते मी विचारलं नाही.

मग त्यांनी सांगितलं. त्या पाच-सहा वर्षांच्या असताना आजोबा, म्हणजे जनूचे वडील, त्यांना आणि आईला, गिरजाबाईला, पेणला फोटोवाल्याकडे घेऊन गेले. जनूने छावणीतून धाडलेला हाच फोटो त्यांच्याकडेही होता. तो पुढे पुरात गेला. यातलं एकच माणूस मोठं करून द्या, आजोबा फोटोवाल्याला म्हणाले. फोटोवाल्याने विचारलं, कुठलं? आजोबांच्या डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, पण त्यांनी खुर्चीवर बोट ठेवलं. माझा पोर दुसऱ्याच्या मागं उभा राहणार नाय, म्हणाले. आई डोक्यावरून पदर ओढून मागे उभी होती. तिने सगुणाचा हात एवढा दाबला की पोर कळवळली.

"सासऱ्याला खोटा कसा पाडंल ती?" सगुणाबाई म्हणाल्या. "मंग घरात फोटो आला, गाव पाया पडून गेला. आता बोलंल तरी कुनाला? आयनी ह्याला कधी हार घातला नाय. मीच घालायची. ती मिठागरावर जाताना नुसती बोट लावायची नि कपालाला लावायची."

"कुठं बोट लावायची, आजी?" निकेशने विचारलं.

"खांद्यावर. हितं."

निकेशने तसबीर खाली उतरवली आणि मूळ फोटो तिच्याशेजारी धरला. मूळ फोटोत हसणाऱ्या जनूचा हात खुर्चीवरच्या मोरोपंतांच्या खांद्यावर होता. कापताना फोटोवाल्याने बाकी सगळं कापलं, कोट रंगवला, पण खांद्यावर राहिलेली चार बोटं काय आहेत ते त्याला कळलं नसावं. बिल्ला समजून त्याने त्यांना सोनेरी रंग दिला होता. त्या सोन्यावरची काच तेवढी घासून घासून धुरकट झाली होती.

मी रडले. उगाच खोटं कशाला सांगू? फोटो मी तिथेच ठेवला, माझ्याकडे त्याचं काही काम उरलं नव्हतं.

निघताना निकेश तसबीर कपड्यात गुंडाळायला लागला. "ही बाईंना देऊ ना आजी? त्यांचे आजोबा हायत."

सगुणाबाईंनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. "जागच्या जागी लाव," त्या म्हणाल्या. "मानूस त्यांचा, पर हात माझ्या बापाचा हाय." आणि तसबीर वर चढायच्या आधी त्यांनी खांद्यावर बोट टेकवलं, पहिल्यांदाच.