म्हणे, म्हातारी फिन आहे

एल्ले इस्पितळात पोचली तेव्हा तिच्या कपड्यांना रेनडिअरच्या कळपाचा वास होता. डोंगरावर फोन लागत नव्हता, त्यामुळे आई घरात पडली आणि तिला किनाऱ्यावरच्या शहरात हलवलंय, हा निरोपच उशिरा मिळाला.

आई, राव्ना, भिंतीकडे तोंड करून पडली होती. उशाशी एक अनोळखी बाई अवघडून बसलेली.

"मी पिर्क्को. फिनलंडची. दुभाषी म्हणून बोलावलंय, पण तुमच्या आई उत्तरच देत नाहीत."

"देईल कशी? तिला फिनिश येतच नाही!"

"मीही तेच सांगितलं, ही माझी भाषा नव्हे. तर म्हणाले, बोलीचा फरक असेल."

मुख्य परिचारिका सिसिलिये देशाच्या दक्षिण भागातून नुकतीच बदलून आली होती. ती म्हणाली, "शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनीच सांगितलं, म्हातारी फिन आहे म्हणून."

एल्लेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "या किनाऱ्यावरची जुनी माणसं आम्हालाच फिन म्हणतात, बाई! तेही नाक मुरडून. शेजारी स्वीडनमध्ये आम्ही लॅप. त्यांच्या भाषेत लॅप म्हणजे ठिगळ, ठाऊक आहे? फिनलंडमध्येही तेच." पिर्क्कोने मान खाली घातली. "जो उठतो तो आमचं बारसं करतो! आम्ही सामी आहोत, इथले मूळचे. आईला एकदा विचारलं असतं तर तिनेच सांगितलं असतं."

"नावावरून एवढं काय?" सिसिलिये म्हणाली. "डोकं तपासलंय, उपचार चालू आहेत. आजी जरा भ्रमात आहेत, सारखी तीच बडबड करतात."

"काय बडबडते?"

सिसिलियेने पिर्क्कोकडे पाहिलं.

एल्ले आईजवळ वाकली. "आई, मी आलेय. काय होतंय?"

"कंबरेखाली काहीतरी मोडलंय गं," राव्ना पुटपुटली. "आल्यापासून सांगतेय."

एक्स-रे काढला, तर मांडीचं हाड वरच्या टोकाला मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, भाषेमुळे गैरसमज झाला.

"गैरसमज कसला? ती स्वच्छ बोलत होती. तुम्हाला ती भाषा वाटलीच नाही!"

शस्त्रक्रियेला नेताना एल्ले आईशी मोठमोठ्याने सामीत बोलत चालली. राव्नाने तिचं मनगट घट्ट धरलं. "हळू बोल पोरी. बाईंनी ऐकलं तर छड्या मारतील."

आईच्या लहानपणी वसतिगृहाच्या शाळेत सामी बोलायला बंदी होती; तिथल्या त्या बाई केव्हाच मेल्या होत्या. एल्लेने आवाज आणखी चढवला. "ऐकू दे, आई! सगळ्यांना ऐकू दे!"

शस्त्रक्रिया नीट पार पडली. सकाळी एक तरुण डॉक्टर आला आणि राव्नाला सामीत म्हणाला, "काय आजी, दुखतंय का?"

राव्ना त्याच्याकडे बघतच राहिली. मग जे बोलत सुटली ते थांबेचना.

"तुम्हाला कुठून बोलावलं?" एल्लेने विचारलं.

"खालच्या मजल्यावरून. डोळ्यांच्या विभागात आहे मी."

"म्हणजे इतके दिवस इथेच होतात?"

"इथेच. मला कुणी विचारलंच नाही."

दारात सिसिलिये कॉफीचा पेला घेऊन उभी होती. एल्लेने तो घेतला नाही.